यंदा भाजावळ नाही
टँकर उलटून आमची भाताची रोपं करायची जमीन डिझेल प्यायली. मागच्या वर्षी विकतचा तांदूळ घरात आला, तो मला गिळवेना. मग कृषी कॉलेजच्या अक्षयाने मातीत लोखंडाची पिठाहून बारीक पूड मिसळली आणि बरणीतले जंतू ओतले. म्हणाली, “आजी, हे डिझेल खातात. यंदा जमीन भाजू नका, मरतील.” मी म्हटलं, “गो बाय, जंतू मारूक फिनेल आणतंय, नि तू पाळूक सांगतंस?” पेरणीआधी सुका पालापातेरा जाळून भाजावळ केली नाही, असं या घरात कधी झालं नव्हतं. गावभर धूर निघाला, तसा माझा गुणाजीही काडीपेटी घेऊन उभा राहिला. “आये, लोकां हसतत.” मी मूठभर माती हुंगली. डिझेलचा वास उतरला होता. काडीपेटी हिसकावून कमरेला खोचली. “हसांदेत! माझ्या दारात जेवक बसलेल्याक पानावरून कोणी उठवूचा नाय!”