खिंडीतलं कुत्रं

पुष्पाचे वडील नवसू आणे गावाहून मुलगा पाहायला आले, तेव्हा बी.एस्सी. झालेला खंडू कॉम्प्युटरवर राक्षसांशी लढत होता. या खेळात जीव एकच. मेलं की पार पहिल्यापासून सुरुवात. पण पुष्पा त्याला मनापासून आवडली होती, म्हणून तो नवसूमामांना खेळ समजावून सांगू लागला.

"मोकळ्यावर उभं राहिलं तर ते चारी बाजूंनी घेरतात, मामा. म्हणून मी या खिंडीत शिरलोय. इथं एका वेळी एकच येऊ शकतो."

"बराबर हाय," नवसू खूश झाले. "लांडगं आलं की आमीबी मेंढरं अशीच अडचणीला घेतो. आन तुज्या म्होरं ह्ये कोन?"

"माझं कुत्रं. ते चावे खातं, मी मागून भाले फेकतो."

नवसू ताडकन उठले. "कुत्र्याला म्होरं करून तू मागं? आपली पुष्पी न्हाई द्यायची हितं!"

"थांबा मामा!" खंडूनं घाईघाईनं कुत्र्याला मागं घेतलं आणि स्वतः पुढं झाला. पहिला राक्षस पडला, दुसराही पडला. तिसऱ्यानं खंडूला मारलं. पडद्यावर थडगं उगवलं आणि खंडूनं डोकं धरलं.

"आन कुत्रं?" नवसूंनी विचारलं.

"जिवंत आहे."

नवसू ओसरीवर गेले आणि खंडूच्या वडिलांना म्हणाले, "पावणं, तुमचं पोरगं लई चांगलं मेलं. फोडा सुपारी!"