एकाच तारखेची दोन फुलं

जपलेल्या फुलाच्या नमुन्याला चिकटलेल्या वाळूच्या कणावरून त्याची खरी जागा सांगणारं यंत्र आल्यापासून वनस्पतिशास्त्रज्ञ पेंढरकरांना झोप नव्हती. वाळवंटातलं ते जांभळं फूल आता कुठेच उगवत नव्हतं. जपून ठेवलेल्या बियांना मूळ माती हवी होती आणि चाळीस वर्षांपूर्वी नोंदीत त्यांनी मुद्दाम भलतंच गाव लिहिलं होतं, त्यांच्या प्रतिस्पर्धी शरयू देवस्थळींना ती जागा सापडू नये म्हणून.

पेंढरकरांच्या नमुन्यावरून यंत्राने जैसलमेरची एक टेकडी दाखवली.

“अहो पेंढरकर, नोंदीत तर बाडमेर आहे!” शरयूबाई म्हणाल्या. “दुसरी जागा मिळेल म्हणून मी अख्खं बाडमेर पालथं घातलं हो!”

पेंढरकरांनी मान खाली घातली.

मग बाईंनी निमूटपणे स्वतःचा नमुना यंत्रात सरकवला. नोंदीत बिकानेर होतं. यंत्राने तीच टेकडी दाखवली.

“झाली फिट्टंफाट!” त्या खळखळून हसल्या. “तारीखही एकच. चला, बिया दोघे मिळून लावू.”

पेंढरकरही हसले. पण यंत्र फूल खुडल्याची वेळसुद्धा सांगत होतं. त्यांचं दुपारचं, बाईंचं सकाळचं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“हे यंत्र,” त्यांनी हळूच विचारलं, “कधी चुकतं का हो?”