रडायचा सीन

उज्जैनला माधव नगरात मराठी सिनेमाचं शूटिंग होतं. नवऱ्याच्या प्रेताजवळ बसलेल्या बाईचा छोटा रोल तिथल्याच कल्पनाकाकूंना मिळाला. कॅमेरा सुरू झाला. काकूंनी रडू येतंय का ते आत चाचपून बघितलं, पण काहीच हाती लागलं नाही. त्या भिंतीला टेकून नुसत्या बसून राहिल्या.

"कट! काकू, नवरा गेलाय तुमचा. छाती पिटा, बांगड्या फोडा!" दिग्दर्शक वैतागला.

काकूंनी पदर सारखा केला. "मागच्या साली आमचे हे गेले नं, तेव्हा मी अशीच बसली होती. गॅसवरचं दूध उतू जाईल, एवढंच डोक्यात येत होतं."

दिग्दर्शकाने ग्लिसरीन मागवलं.


"खरं असेल काकू, पण विधवा वाटत नाही तुम्ही."