बंद खोलीतला दिवा

घरमालकांच्या ऑनलाइन कायदावर्गात वकील बजावत होते, "लॉकडाउन असो वा नसो, भाडेकरूची वीज तोडणं गुन्हा आहे."

कुमुदताईंनी माइक सुरू केला. "माझ्या भाडेकरूंच्या बंद खोलीत दिवा चालूच राहिलाय. खालून मीटर बंद करू?"

कुणीतरी हसलं. "भाडेकरूंना विचारा," वकील म्हणाले.

"ते गेल्या आठवड्यात वारले. करोनानं."

"मग वारसाला विचारा."

"एकच मुलगा होता. दोघांना एकाच अँब्युलन्समधून नेलं. निघताना मुलगा म्हणाला, काकू, दिवा असू द्या, परत आल्यावर बाबांना अंधारं घर नको." त्यांनी चष्मा काढला. "आज सकाळी तोही गेला."

मघाशी हसलेल्यानं कॅमेरा बंद केला.

"मग करा बंद," वकील हळूच म्हणाले. "आता गुन्हा नाही."

"गुन्हाच असू द्या ना, साहेब."