इंगोलेची चादर

सुलेखा चादरीचं शेवटचं टोक जाळीला बांधत होती, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, ते काढा."

उत्कर्ष इंगोले होता. जॅकेटचं हूड भुवयांपर्यंत ओढलेलं. एर्लांगेनजवळच्या या गावातल्या बेसबॉल संघाचा हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, गेल्या पंधरवड्यात मैदानाकडे फिरकला नव्हता. व्यायामाच्या कसल्याशा पावडरीतून बंदी असलेलं द्रव्य त्याच्या अंगात सापडलं होतं आणि सहा महिने खेळायला मनाई झाली होती. आज तो तिकीट काढून प्रेक्षकांत आला होता.

"का रे? घाबरलास की काय?" सुलेखाने गाठ सोडली नाही.

"त्यावर लिहिलंय ते खरं नाही."

चादर डबल बेडची होती. तिने लाल रंगाने तिच्यावर जर्मनमध्ये दोन शब्द काढले होते, प्रत्येक अर्ध्या भागात एक. इंगोले. निर्दोष.

पलीकडच्या बाकांवरून पाहुण्या संघाचे लोक खडखडाट करत होते. पाण्यात फसफसणाऱ्या मॅग्नेशियमच्या गोळ्यांच्या रिकाम्या नळ्या, आत खडे. "आपोथेके! आपोथेके!" औषधांचं दुकान म्हणून हिणवायचं आणि नळ्या हलवायच्या.

सुलेखाच्या नवऱ्याने, भास्करने, पिशवीतून झांजा काढल्या होत्या. त्या तशाच हातात धरून तो म्हणाला, "अरे, पण ती लॅबची चूक ना? तूच म्हणालास."

"मी नाही म्हणालो, काका. तुम्ही सगळे म्हणालात. मी गप्प बसलो."

"म्हणजे?"

"माझा खांदा धरला होता. पावडर मागवली, घेतली. संघाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, कुठलाही डबा आधी मला दाखवायचा."

"मग दाखवला का नाहीस?" सुलेखाने विचारलं.

"ते नको म्हणाले असते."

सुलेखाचा हात गाठीवरच राहिला. हॉस्पिटलात जाणारी यंत्रं तपासणं हे तिचं काम. स्वतः वाचल्याशिवाय ती कुठल्याच अहवालावर सही करत नसे, आणि ऑफिसात त्यावरून तिची थट्टा चाले. पण गेले पंधरा दिवस ती याच्यासाठी रेल्वेत भांडली, कँटीनमध्ये भांडली, मराठी मंडळाच्या ग्रुपवर भांडली. आपल्यातला मुलगा असं करणारच नाही, एवढाच तिच्याकडे पुरावा होता. दर रविवारी तो तिच्या स्वयंपाकघरात पोहे खात बसायचा. त्याला तिने कधी विचारलं नव्हतं.

"राहू दे गं आता," भास्कर खालच्या आवाजात म्हणाला. "आत्ता काढलीस तर समोरचे नाचतील."

"नाचू देत."

मागच्या रांगेत क्रेमरसाहेब, इथल्या भाषेत हेर क्रेमर, थर्मासचं झाकण फिरवता फिरवता थांबले होते. निवृत्त शाळामास्तर, बंदीच्या पहिल्या दिवसापासून एकच वाक्य: रेगेल इस्ट रेगेल, नियम म्हणजे नियम. त्यावरून सुलेखाची आणि त्यांची अशी जुंपली होती की दोघं आता एकमेकांना नमस्कारही करत नव्हते.

सुलेखाने उजवीकडच्या दोन्ही गाठी सोडल्या. उत्कर्ष चादर गुंडाळायला पुढे झाला.

"हात लावू नकोस."

तिने चादरीचा उजवा भाग मागे दुमडला, कडा जुळवल्या आणि गाठी पुन्हा मारल्या. पहिल्यापेक्षा घट्ट. जाळीवर आता एकच शब्द होता. इंगोले.

"काकू, मी काय सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलं मी. त्याबद्दल घरी ये, चांगली बोलणार आहे तुला. आल्झो, बरं तर, आता इथे बस."

तो बसला.

स्पीकर खरखरला. इथली पद्धत अशी की निवेदक खेळाडूचं नुसतं पहिलं नाव घेतो आणि आडनाव प्रेक्षक ओरडतात. मग तो खेळाडू धावत रेषेवर येतो आणि टोपी उचलतो. पिचरचं नाव सर्वांत शेवटी. आज शेवटी "लुकास!" आला. "बाउअर!" लोकांनी पुरं केलं. ठीकठाक आवाजात. बदली मुलगा रेषेवर आला, त्याने टोपी उचलली आणि निवेदकाने माईक बंद केला.

सुलेखा उभी राहिली. जाळीला धरून ओरडली, "उत्कर्ष!"

आडनाव कुणीच घेतलं नाही. भास्कर झांजांकडे पाहत राहिला. समोर हशा पिकला, नळ्या दुप्पट खडखडल्या. उत्कर्षने तिच्या ओढणीचं टोक धरून खाली ओढलं. तिने ते सोडवून घेतलं.

"उत्कर्ष!"

"इंगोले!"

मागून एकच आवाज आला, घोगरा. हेर क्रेमर उभे होते, हातात थर्मासचं झाकण.

"सहा महिने बरोबरच आहेत," ते म्हणाले. "आणखी दिले असते तरी चाललं असतं." मग तिच्याकडे पाहून, "नोखमाल, फ्राउ पाठक." पुन्हा एकदा, पाठकबाई.

"उत्कर्ष!"

या वेळी अख्ख्या बाकांनी आडनाव घेतलं आणि त्यावर झांजा पडल्या.

उत्कर्ष कधी उभा राहिला ते त्यालाही कळलं नसावं. हूड मागे पडलं होतं. नेहमीसारखा त्याचा उजवा हात टोपी उचलायला वर गेला आणि उघड्या डोक्यावर थांबला. समोर नळ्या वाजतच होत्या. त्याने हात खाली घेतला नाही.