घरमालकाची सही

"घरमालक मी, नि भाडेकरू तू. व्हय?" रामचंद्रांनी कागदावरून मान वर केली.

"नुसतं लिहायचं हाय, बाबा." निकेत घाईला आला होता. न्हावा शेव्याच्या त्याच्या ऑफिसात संध्याकाळपर्यंत भाड्याची पावती पोचायला हवी होती.

"भाडं कधी दिलंस तू मला?"

भाडं निकेतनं कधीच दिलं नव्हतं. वर्षाच्या सुरुवातीला कंपनीनं विचारलं होतं, घरभाडं भरता का? शेजारच्या टेबलावरच्या अल्पेशनं कोपर मारलं, "हो म्हण, टॅक्स कमी कापतील." हा शहाणा हो म्हणाला. कंपनीनंही विश्वास ठेवला आणि दर महिन्याच्या पगारातून कर कमीच कापला. आता ती पुरावा मागत होती. नाही दिला, तर राहिलेला सगळा कर शेवटच्या दोन पगारांतून एकदम कापणार होती. बायकोला, हेमालीला, आठवा महिना लागला होता. नेमके त्याच दोन महिन्यांत दवाखान्याचे खर्च उभे होते आणि हातात चहापाण्यापुरताच पगार आला असता.

हे सगळं त्यानं बापाला दोनदा समजावलं. रामचंद्रांना कर कळला. पावती तर त्यांना फार आधीपासून कळत होती.

"खोतानं माज्या बापाला अशीच पावती दिली व्हती. तिच्यावरच आपन कूळ ठरलो नि त्याची शेतं आपल्या नावावर झाली. खोत बसला बोंबलत."

"ते शेतीचं, बाबा. घराला तसं नसतं. नि मी तुमचा पोरगा हाय."

"मंग पोरगा लिव्ह. भाडेकरू कशाला लिवतोस?"

निकेतनं पेन त्यांच्यापुढं सरकवलं. तेवढ्यात हेमाली भिंतीला धरत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली. रामचंद्रांनी सुनेकडे पाहिलं, पेन उचललं आणि एकेक अक्षर जपून सही केली. निकेतला हायसं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"रघू," त्यांनी धाकट्याला हाक मारली, "उद्या माज्यासंगं तालुक्याला चल. हे घर तुज्या नावावर करू. ह्या पावतीपायी तुजा हिस्सा जायला नको."

निकेतनं तोंड उघडलं. अडवायचं तर पावती परत करावी लागणार होती. हेमाली त्याच्याकडेच बघत होती. त्यानं तोंड मिटलं, पावतीचा फोटो काढला आणि ऑफिसात पाठवून दिला.

रघू बावचळून एकदा बापाकडे, एकदा भावाकडे बघत राहिला. मग भावाचं मन राखायला म्हणून जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाला,

"काळजी करू नको, दादा. फुडच्या वर्षीची पावती मी देईन."