कोरडा बोल्ट

आमच्याकडे जपानी रीतीप्रमाणे पोटच्या पोराच्या दहनाला आईबाप जात नाहीत. म्हणून काझुमादादासोबत त्याच्या मोटरसायकलचा आवाज तरी रस्त्याच्या वळणापर्यंत जावा, हा आईचा हट्ट. आजारपणाआधी त्याने उघडलेलं इंजिन बाबांनी जोडलं. भिक्षूंचे मंत्र संपले, शवपेटी शववाहिकेत चढवली. बाबा मात्र इंजिन सुरू न होता तेल वर चढावं म्हणून प्लग काढून किक मारतच होते, इंजिनच्या माथ्यावरच्या सैल बोल्टकडे बघत. तिथून तेल पाझरल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हे त्यांनीच दादाला शिकवलेलं. शववाहिकेने निघण्याचा लांब भोंगा दिला. "अहो, करा की सुरू! निघाला तो!" आई ओरडली. "तेल वर आलं नाही गं. इंजिन जळेल." "जळू दे! पोरगं कुठे चाललंय?" बाबांनी कोरडा बोल्ट आवळला, प्लग बसवला. पहिल्याच किकला इंजिन गरजलं. शववाहिका वळणाआड गेली, तरी त्यांनी पिळलेली रेसची मूठ सोडली नाही. इंजिन जळून थांबेपर्यंत.